तिसऱ्या खांबाजवळची फळी

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. नाचाच्या हॉलच्या लाकडी जमिनीतली ती फळी वर आलेली होती. अर्ध्या इंचाला एक सूत कमी. मी स्वतः पट्टी लावून मोजली आहे, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी साक्षीला हॉलच्या मांजराशिवाय कुणी यायला तयार नव्हतं, हा माझा दोष नाही.

एकतीस वर्षं मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासले. गारांनी फुटलेली छपरं, कुंपण मोडून हायवेवर आलेल्या गाई, ट्रॅक्टरने लोळवलेल्या टपालपेट्या. चूक कुणाची हे ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. एकतीस वर्षांत माझा निर्णय वरच्या साहेबांनी फक्त दोनदा फिरवला आणि त्यातल्या एका वेळी गाईचा मालक साहेबांचा साडू होता. अशा माणसाला, मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या क्रास्ना गावच्या नाचाच्या हॉलमध्ये बायको पडली म्हणून, अख्ख्या गावाने उभ्या उभ्या दोषी ठरवलं. पंचनामा नाही, नकाशा नाही, कुणाचा जबाब नाही.

त्यांचा युक्तिवाद एका ओळीचा होता. टू-स्टेप नाचात पुरुष पुढे तोंड करून चालतो, बाई पाठमोरी. पाठमोऱ्या माणसाला दिसत नाही. तेव्हा बाई पडली तर पाडली पुरुषानेच. फळीला कुणी विचारलंसुद्धा नाही; ती निर्दोष सुटली.

त्या दिवशी आम्ही बाहेरच्या रांगेत होतो हे खरं. एरवी आम्ही आतल्या रांगेत असतो. क्रास्नाच्या हॉलमध्ये सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने गोल फिरतात, झपझप नाचणारे भिंतीकडून, सावकाश नाचणारे मध्यातून. सत्तावीस वर्षं माझी बायको व्हर्लीन आणि मी मध्यातून फिरलो आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्या रविवारी शेजारच्या वेंडेल यानाकने बिअरचा घोट घेत मला ऐकवलं, "लेलँड, आतली रांग म्हणजे नवीन लग्न झालेल्यांची, नाहीतर गुडघे बदललेल्यांची. तू दोन्हीत बसत नाहीस." मी शांत स्वभावाचा माणूस आहे. मी हॅट नीट बसवली, व्हर्लीनचा हात धरला आणि पुढचं गाणं सुरू होताच बाहेरच्या रांगेत शिरलो. स्टील गिटारवाला छान रडवत होता, फिडल त्याची समजूत काढत होती, आम्ही दोन खांब झकास पार केले. तिसऱ्या खांबापाशी व्हर्लीनच्या बुटाची टाच फळीला अडकली आणि ती बसली. घोटा मुरगळला. सहा आठवडे.

या सहा आठवड्यांत घरी बावीस लोक भेटायला आले. बावीस जणींनी आणि जणांनी मिळून अकरा प्रकारचे कोलाचे, म्हणजे गोड सारण भरलेले पाव, आणले, व्हर्लीनच्या पायाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून "बिचारा" म्हणाले. आमच्या भागात मोठ्या माणसाला तोंडावर बिचारा म्हणणं म्हणजे काय, हे मी इथे लिहिणार नाही.

पाय बरा झाल्यावर व्हर्लीन नाचायला लागली. माझ्याबरोबर सोडून सगळ्यांबरोबर, मात्र आतल्या रांगेतूनच. वेंडेलबरोबर, पशुवैद्याबरोबर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आल्फोन्स टेल्गेबरोबरसुद्धा, ज्याला एका डोळ्याने दिसत नाही. मी भिंतीशी बाकावर बसून तिची पर्स सांभाळायचो.

"माझ्यावर राग आहे का?" मी एकदा गाडीत विचारलं.

"राग नाही," व्हर्लीन म्हणाली. "भीती आहे. ती फळी तिथे आहे तोवर मी तुझ्याबरोबर नाचणार नाही."

"म्हणजे दोष फळीचा आहे हे तुला मान्य आहे."

"मी असं कुठे म्हटलं?"

पण मला एवढं पुरेसं होतं. बायकोबरोबर पुन्हा नाचायचं तर एक फळी खाली बसवायची. दोन खिळे, एक हातोडी, दहा मिनिटं. हे एप्रिलच्या अखेरीस. आता पुढचं ऐका.

मी हत्यारांची पेटी घेऊन हॉलवर गेलो तर दारात मिस बर्निस कुबेना उभ्या. वय एक्क्याऐंशी, हॉल समितीच्या अध्यक्षा, गेली चौतीस वर्षं बिनविरोध, कारण विरोध करणाऱ्यांना त्या पुरून उरल्या आहेत. तेही शब्दशः, स्मशानभूमीची समितीही त्यांच्याचकडे आहे.

"बाळा, हातोडी कशाला?" त्यांनी विचारलं. मी त्रेसष्ट वर्षांचा आहे.

"फळी बसवायला, मिस बर्निस. तिसऱ्या खांबाजवळची."

"ती होय. ती माझ्या लग्नातही वरच होती."

"मग तेव्हाच का नाही बसवली?"

"माणूस कुठे मोकळा होता? सगळे नाचत होते." त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली. "समितीपुढे अर्ज कर. पहिला मंगळवार."

समितीने माझ्या अर्जावर लागोपाठच्या दोन मंगळवारी दोन बैठका घेतल्या. पहिली बैठक, वर आलेली फळी ही 'मोडतोड' आहे की 'स्थिती' आहे, यावर संपली. मोडतोड असेल तर दुरुस्ती करता येते; स्थिती असेल तर तिची फक्त दखल घेता येते. दुसऱ्या बैठकीत मी माझा नकाशा मांडला: हॉलचे खांब, नाचाची दिशा, टाचेचा मार्ग लाल रंगात. समितीतल्या आल्फोन्सने तो त्याच्या चांगल्या डोळ्याजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे लाल म्हणजे रक्त का?" शेवटी ठराव झाला की स्थिती आहे, पण मोडतोडीच्या वाटेवरची आहे. परवानगी मिळाली. अट एकच, हॉल शंभरी ओलांडलेला आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जुन्या वास्तूंच्या यादीतला असल्याने तिथलाही शिक्का हवा.

जुन्या वास्तूंच्या कचेरीत मिसेस प्रूइट नावाच्या बाई बसतात. विनम्र, नीटनेटक्या. नियमाबाहेर श्वासही घेत नसाव्यात.

"फळी कोणत्या साली बसवलेली आहे, मिस्टर ओरसाक?"

"माहीत नाही."

"मग 'अज्ञात' लिहा."

मी लिहिलं.

"अज्ञात असेल तर पुरवणी फॉर्म लागतो."

"आणि साल माहीत असतं तर?"

"तर पुरावा लागला असता." त्यांनी सहानुभूतीने पुरवणी फॉर्म पुढे सरकवला. "बदलाचं कारण?"

मी लिहिलं: सुरक्षितता. बाईंनी ते वाचून मान डोलावली आणि अटी सांगितल्या. मूळ फळीला नवे खिळे ठोकायचे नाहीत. ती काढून, चिठ्ठी लावून, कोरड्या जागी जपून ठेवायची. तिच्या जागी त्याच जातीचं, त्याच काळातलं जुनं पाइन लाकूड बसवायचं. म्हणजे फळी वाकडी झाली म्हणून तिला शिक्षा काय, तर माझ्या गॅरेजमध्ये सन्मानाने पेन्शन. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी ऐकलं होतं. चोराला पेन्शन प्रथमच पाहत होतो.

दरम्यान बातमी गावभर झाली आणि ज्यांना आयुष्यात खिळा सरळ ठोकता आला नाही ते सल्ले घेऊन आले. खाटकाचं म्हणणं, फळीवर गालिचा टाक. त्याच्या बायकोचं म्हणणं, गालिच्यात आणखी लोक अडकतील, टेबल टाक. दंतवैद्य म्हणाला, वर आलेली गोष्ट दाबायची नसते, घासायची असते. पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला थांबवून सांगितलं की मूळ दोष फळीचा नसून पृथ्वीच्या ओढीचा आहे. सर्वांत सोपा सल्ला बॅप्टिस्ट पाद्रीबुवांचा होता. नाचूच नका.

जुनं पाइन मात्र कुणाकडे नव्हतं. होतं फक्त वेंडेलकडे. त्याच्या आजोबांची कापसाची वखार मागच्या शेतात निम्मी कलून उभी आहे.

"घे की फळी," वेंडेल म्हणाला. "शेजारी कशासाठी असतात? फक्त असं बघ, एक फळी काढलीस की तो कोपरा खचणार. कोपरा खचला की छप्पर. म्हणजे सगळंच उतरवावं लागेल."

"अख्खी वखार?"

"मला तशीही उतरवायची होतीच. माणूस मिळत नव्हता."

तर मे महिन्यातले तीन शनिवार मी वेंडेल यानाकची वखार उतरवली. वेंडेल सावलीत खुर्ची टाकून कुठला खिळा आधी काढायचा ते सांगत होता. गांधीलमाश्यांनी माझे पाच ठिकाणी चावे घेतले, त्यातले दोन सांगण्यासारख्या जागी. त्याच्या बकरीने माझ्या हॅटची कड खाल्ली. व्हर्लीन दर शनिवारी दुपारी लिंबू सरबत आणून द्यायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत थांबायची. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "लेलँड, एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं." मी म्हटलं, "मग आज नाचशील?" ती म्हणाली, "फळी बसू दे."

सुतार डेलरे पुस्तेयोव्स्की. या माणसाचा हात सोन्याचा आहे हे मी पुढचं सगळं बाजूला ठेवून मान्य करतो. त्याने गुडघे टेकून फळी पाहिली, तिला बोटाने वाजवली आणि सांगितलं की एकटी फळी काढता येत नाही. जोड तुळईवर यायला हवा. एक फळी काढायची तर दोन्ही बाजूंच्या शेजारणी काढायच्या, पुढच्या तुळईपर्यंत. म्हणजे नऊ फूट बाय तीन फूट.

"मला अर्धा इंच खाली न्यायचं आहे," मी म्हटलं.

"अर्ध्या इंचासाठीच सांगतोय," डेलरे म्हणाला. "बाकीचे नऊ फूट लाकूड मागतंय."

चार दिवस तो राबला. रंधा मारला, मग पुन्हा मारला, मग काचेने खरवडलं, मग मेण. जून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याने मला बोलावलं. तुकडा आरशासारखा चमकत होता. मी त्यावर हात फिरवला आणि, लिहायला संकोच वाटतो, माझे डोळे जरा ओलावले. पट्टी लावली. शून्य. एक सूतही नाही.

रविवारी हॉल भरला होता. मिस बर्निसनी नेहमीप्रमाणे जमिनीवर मुठीमुठीने मक्याचं पीठ भुरभुरलं, बूट सरकावेत म्हणून, आणि नव्या तुकड्यावर, तो नवा म्हणून कौतुकाने, दोन मुठी जास्त. मग त्या बँडच्या माइकसमोर जाऊन म्हणाल्या, "तिसऱ्या खांबाची फळी लेलँड ओरसाकने बसवली आहे. पहिला फेरा त्याचा. बाकीच्यांनी त्याच्या मागे राहा."

व्हर्लीनने पर्स बाकावर ठेवली. माझ्याकडे आली आणि हात पुढे केला. मार्चनंतर प्रथम. बँडने शफलचा एक ठसकेबाज ताल उचलला, पियानो घरंगळत निघाला आणि आम्ही बाहेरच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. पहिला खांब. दुसरा. तिसरा. पाऊल टाकलं. काही नाही. लोणी. व्हर्लीन नऊ फूट तरंगत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर सत्तावीस वर्षांपूर्वीचं हसू आलं. मी मनात निकाल लिहून टाकला: दोष फळीचा, दावा मंजूर.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला.

वळून पाहिलं तर वेंडेल यानाक पाठीवर, त्याची बायको जोलीन त्याच्या पोटावर. त्यांच्या मागून पशुवैद्य आणि त्याची बायको येत होते. तिसऱ्या खांबापाशी आल्यावर दोघांनी मिळून एक छोटीशी उडी मारली, डौलदार, अगदी तालात. खाली आले ते मेणावर आणि मक्याच्या पिठावर. बूट पुढे गेले, बाकीचे मागे राहिले. मग दंतवैद्य. त्याला समोर ढीग दिसत होता, मी त्याची शपथ घ्यायला तयार आहे, तरी खांब आला आणि त्याचे पाय आपोआप उचलले गेले. मग आल्फोन्स. आल्फोन्सला ढीग दिसला नाही, पण उडी त्यानेही मारली.

ती उडी मी वर्षानुवर्षं आतल्या रांगेतून पाहत आलो होतो. बाहेरची जोडपी तिसऱ्या खांबापाशी किंचित वर उठतात, हे मला माहीत होतं. मला वाटायचं ती ऐट आहे. ती ऐट नव्हती. अख्खं गाव तीन पिढ्या त्या फळीवरून उडी मारत होतं, आणि इतक्या वर्षांत एकाही माणसाला मला हे सांगावंसं वाटलं नव्हतं.

एकूण नुकसान: दोन चष्मे, एक टाच, एक हॅट, वेंडेलचं माकडहाड. गंभीर कुणाला काही झालं नाही. बँड एक ठोकाही चुकला नाही. आमच्याकडे नाचणारे पडले म्हणून बँड थांबत नाही. ढिगाऱ्यातून पहिलं डोकं वेंडेलचं वर आलं.

"ही फळी," तो म्हणाला, "कुणी बसवली?"

"मिस बर्निसनी आत्ताच माइकवरून सांगितलंय," जोलीन त्याच्या पोटावरून म्हणाली.

"मला सांगायचं होतं ना कुणीतरी की तुम्ही उडी मारता," मी म्हटलं.

"उडी? कसली उडी?" दंतवैद्य म्हणाला. त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. विचारल्यावर एकालाही ठाऊक नव्हतं. पायांना ठाऊक होतं, वरच्या मजल्यावर कुणाला पत्ता नव्हता.

समितीची बैठक तिथेच, बाकावर, भाजलेल्या सॉसेजच्या ताटल्या हातात घेऊन झाली. जिला एका फळीसाठी दोन बैठका लागल्या त्या समितीने चार मिनिटांत एकमताने ठराव केला: जुनी फळी होती तिथे, होती तशी, होती तितकी वर बसवावी. मी मतदानाची मागणी केली. मिस बर्निस म्हणाल्या, "झालं की मतदान. तू बोलत होतास तेव्हा."

सोमवारी मी मिसेस प्रूइटसमोर. मूळ वास्तूचा भाग मूळ जागी परत जातोय म्हटल्यावर त्या इतक्या आनंदल्या की उठून उभ्या राहिल्या. पण फॉर्म तो फॉर्म. सपाट जमीन काढून उंचसखल जमीन करण्याचं कारण? मी मागच्या फॉर्मची प्रत काढून पाहिली. शेवटी लिहिलं: सुरक्षितता. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून पाहिले, एकाही शब्दात तफावत नाही याची खात्री केली आणि शिक्का मारला.

डेलरेने फळी परत बसवली. मी पट्टी घेऊन गेलो. अर्ध्या इंचाला एक सूत कमी. त्याचा हात सोन्याचा आहे हे मी आधीच म्हटलं आहे.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी व्हर्लीनला म्हटलं, "ठीक आहे. आपण आतल्या रांगेत परत जाऊ. तिथे काही धोका नाही."

ती भांडी पुसत होती. "मी आत जाणार नाही."

"पण फळी..."

"लेलँड, सत्तावीस वर्षं मी मध्यातून गोल फिरले. कढीतल्या पळीसारखी. बाहेर काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं, नऊ फूट का होईना. मला बाहेर नाचायचंय. तुझ्याबरोबर. नाहीतर वेंडेल आहेच, त्याची पाठ बरी झाली की."

मी एकतीस वर्षं लोकांच्या धमक्या ऐकल्या आहेत. धमकी कोणती खरी हे मला आवाजावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी मी जोलीनकडे गेलो. वेंडेल पोटावर पालथा पडून बेसबॉल पाहत होता. मी तिला विचारलं की पाठमोऱ्या बाईला उडी कधी मारायची ते कळतं कसं.

"कळतं," जोलीन म्हणाली. मग ती विचारात पडली, उभी राहिली, हात नाचाच्या पवित्र्यात घेऊन स्वयंपाकघरात पाठमोरी दोन पावलं चालली. "वेंडेल त्या खांबापाशी श्वास रोखतो. त्याची छाती थांबते. मग मी उचलते पाय."

"मी काही रोखत नाही," वेंडेल उशीतून म्हणाला.

"तू गप्प राहा. तुझ्या छातीबद्दल तुला काय माहीत?"

दोन आठवडे व्हर्लीन आणि मी जेवणाची खोली रिकामी करून, जमिनीवर लाटणं ठेवून सराव केला. रेडिओवर जुनी गाणी. मी श्वास रोखायचो, ती पाय उचलायची. पहिल्या आठवड्यात मी इतका वेळ श्वास रोखायचो की तिला दोनदा वाटलं मला झटका आला. लाटणं चार वेळा सरळ स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीखाली गेलं. खिडकीतून पाहणाऱ्या पोस्टमनने आम्हाला पत्रं दारात न देता कुंपणावर अडकवायला सुरुवात केली. बिचारा, असं मी त्याला म्हणालो. मनात.

मग रविवार. हॉल नेहमीइतका भरलेला. जुलैचं ऊन, खिडक्यांच्या झडपा वर टांगलेल्या, पंखे फक्त आवाज करणारे. आम्ही बाहेरच्या रांगेत शिरलो. मागून पशुवैद्य, पुढे आल्फोन्स. पहिला खांब. दुसरा. तिसऱ्यापाशी मी श्वास रोखला, व्हर्लीनच्या पाठीवरच्या माझ्या तळव्याखाली काहीतरी हललं, आणि आम्ही दोघं उचललो गेलो आणि पलीकडे उतरलो. तालात. एक सूतही इकडेतिकडे नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. वेंडेल पाठमोरा उभा राहून कुणाला तरी माकडहाडाबद्दल सांगत होता. दंतवैद्य सॉसेजला मोहरी लावत होता. बँडवाल्याचे डोळे मिटलेले. एकाने, एकानेही पाहिलं नव्हतं. गाणं संपताच मी थेट मिस बर्निसच्या टेबलापाशी गेलो. त्या पाय कापत होत्या, म्हणजे पीचचा, खायचा गोड पाय.

"मिस बर्निस, आत्ता तिसऱ्या खांबापाशी काय झालं ते पाहिलंत?"

"काय झालं?"

"काही नाही झालं."

"मग?"

"मार्चमध्ये जे झालं ते समितीच्या वहीत आहे. जूनमध्ये झालं तेही आहे, माझ्या नावासकट. तर आजचंही नोंदवलं जावं, अशी माझी रीतसर मागणी आहे."

त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांनी माझ्याकडे कधी असं नीट, सावकाश पाहिल्याचं आठवत नाही.

"बाळा," त्या म्हणाल्या, "न पडणाऱ्यांची नावं लिहायला लागले तर नाचू कधी?"

मी यावर लेखी उत्तर देणार होतो. पण पुढचं गाणं सुरू झालं होतं, आणि बाहेरच्या रांगेच्या कडेला व्हर्लीन कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यापाशी पोचलेल्या आल्फोन्सला ती मानेनेच नाही म्हणत होती.